पोर राहिलं न्हाय

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आत्याआजीवर परदेशातल्या कुठल्याशा जर्नलमध्ये छापून आलंय असं बाबा म्हणतो, ते खरं का? मी "खरं आहे" म्हटलं आणि विषय बदलला. स्क्रीनवर तुमचे चौघांचे चेहरे हलत असताना ते सांगायला मला जमलं नसतं. लिहून मात्र सांगता येईल. आत्याआजी गेल्याला आता वर्ष होत आलं. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "मी हाय तवर कुनाला बोलू नगा. माझ्या माघारी पोरास्नी सांगा." म्हणून सांगते आहे, आणि माझ्या सवयीप्रमाणे पहिल्यापासून सांगते आहे.

तुम्हाला त्या आठवतात त्या सुट्टीतल्या. खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटणाऱ्या आणि तुम्ही निघालात की तिची पुडी कपड्यांच्या घडीत दडवणाऱ्या. माझ्या त्या मोठ्या नणंद, तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण. मी त्यांना वन्सं म्हणत असे. माहेर वळसंगचं, म्हणजे आपलंच जुनं गाव, आणि सासर करकंबचं. यजमान गेल्यावर तुमचे आजोबा त्यांना सोलापुरात आपल्याकडे घेऊन आले. आजोबा गेल्यावर या घरात आम्ही दोघीच उरलो. माझं शिक्षण पुण्यात, नोकरी कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पण घरात शब्द चालायचा तो त्यांचा. "वैनी, तुमचं विंग्रजी लई ग्वाड," त्या म्हणायच्या, "पर चहा कवा जमायचा तुमाला?"

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. मोठीला मूलबाळ नाही, तिच्यासमोर तो विषय काढायचा नाही. मी तो कधीच काढला नाही. तुमच्या आईचं डोहाळजेवण आपल्याच घरी झालं, तेव्हा ओटी भरायची वेळ झाली तशा वन्सं आपणहून उठून स्वयंपाकघरात गेल्या. कोणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. कोणी बोलावूनही आणलं नाही. असं असतं, असंच सगळे धरून चालले होते.

दर वर्षी पौष लागला, शेतात ज्वारी हुरड्याला आली, की वन्संचं काहीतरी बिनसायचं. जेवण तुटायचं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. विचारलं तर एकच वाक्य, "छाती भरून येती." आम्ही घाबरून हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचो. ईसीजी काढला, इको काढला, सगळं चांगलं. माघ उजाडला की त्या आपल्या आपण उठायच्या आणि डबे घासायला काढायच्या. आजोबा म्हणायचे, थंडी सोसत नाही तिला. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनीच एकदा चिठ्ठी लिहून दिली की मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

त्या डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या आतल्या एक बाई, मूळच्या पुण्याच्या. त्यांचा दवाखाना नव्या पेठेत एका कापडाच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यापाशी मोठी पाटी, 'मनोविकार व मानसोपचार'. वन्संनी ती पाटी रिक्षातूनच पाहिली आणि खाली उतरेनात.

"कुनी बघितलं म्हंजे?"

"बघू द्या की वन्सं. आजारी माणूस डॉक्टरकडे जातं."

"तुमच्या कॉलेजात जात आसल. आमच्यात येडं जातं."

मग त्यांनीच तोड काढली. दर खेपेला आधी खालच्या दुकानात जायचं, एक ब्लाउजपीस घ्यायचा, आणि पिशवी दिसेल अशी धरून जिना चढायचा. कोणी हटकलंच तर म्हणायचं, वर शिवायला टाकायला आलोय. ब्लाउजपीसचा एवढा मोठा गठ्ठा झाला की त्यांनी तो शेजारणींना त्यांच्या हळदीकुंकवात वाटायला देऊन टाकला.

डॉक्टरबाईंशी मात्र त्यांचं जमलं. पहिल्या भेटीतच विचारलं, "तुमी समद्यांची डोस्की बघता, तुमचं कोन बघतं?" बाई मनापासून हसल्या. त्यांनी गोळ्या दिल्या, त्याहून जास्त म्हणजे वेळ दिला. मी बाहेर बाकावर बसायची. त्यानंतरचा पौष वन्संना पुष्कळ हलका गेला. छाती भरून आली, पण जेवण सुटलं नाही.

त्यानंतर एकदा बाईंनी आम्हा दोघींना बसवलं आणि म्हणाल्या, "मला यांच्या आजाराविषयी लिहायचं आहे. एका जर्नलसाठी केस रिपोर्ट. यांची हरकत नसेल तरच." केस रिपोर्ट म्हणजे एकाच रुग्णाची हकीकत, दुसऱ्या डॉक्टरांना उपयोग व्हावा म्हणून लिहिलेली. बाई मेडिकल कॉलेजात शिकवतात. तिथे बढतीसाठी असे लेख छापून यावे लागतात, हेही त्यांनी लपवलं नाही. वन्संनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"माझं नाव येनार?"

"नाही. नाव कुणाचंच घालत नाहीत. गावही नाही. 'पश्चिम भारतातील ग्रामीण भागातील एक वृद्ध स्त्री' एवढंच."

"पश्चिम भारत म्हंजे वळसंग व्हय?" वन्संनी मला विचारलं. मी म्हटलं, त्यात वळसंगही येतं. "लई मोटं झालं की मग आमचं गाव," त्या म्हणाल्या आणि सही करून दिली.

इंग्रजी तपासून द्यायचं काम माझ्याकडे आलं. बाईंचं इंग्रजी डॉक्टरी वळणाचं, वाक्यं लांबलचक. मी ती तोडली, क्रियापदं जागेवर आणली. 'छाती भरून येते' याला काय म्हणावं असं त्यांनी मला विचारलं. छाती जड होणे, या अर्थाचा इंग्रजी शब्द मी सुचवला. तो त्यांना पटला. पुढे एक वाक्य होतं, की रुग्णेला मूल नाही, तिला कधी गर्भ राहिला नाही. त्यावर माझी पेन्सिल थांबायचं कारणच नव्हतं. मला सासूबाईंनी जे सांगितलं होतं तेच त्यात होतं.

लेख गेला आणि काही महिन्यांनी परीक्षकांच्या सूचना घेऊन परत आला. परीक्षक म्हणजे त्याच विषयातले दुसरे डॉक्टर. लेख छापायचा का नाही हे त्यांचं मत घेऊन ठरतं, आणि आपलं नाव ते कळू देत नाहीत. त्यांना लेख आवडला होता. अट एकच होती. रुग्णेला मूल न झाल्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो विस्ताराने मांडा. बाईंनी वंध्यत्वावर एक मोठा परिच्छेद लिहिला. खेड्यातल्या बाईला मूल झालं नाही तर तिला काय सोसावं लागतं, ते मनातलं दुःख शरीरावर कसं उमटतं, वगैरे. चांगला लिहिला होता. मी त्यात फक्त एक स्वल्पविराम घातला.

बाईंची एक पद्धत आहे. शेवटचा मसुदा पाठवण्याआधी तो रुग्णाला त्याच्या भाषेत, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकवायचा. जर्नल तसं मागत नाही, पण त्या करतात. या वेळी म्हणाल्या, "तुम्ही घरीच वाचून दाखवाल का? तुमच्याकडून त्या नीट ऐकतील."

दुपारची जेवणं झाली होती. वन्सं पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मी खुर्चीवर बसून इंग्रजीवरून मराठी करत वाचत होते. 'पश्चिम भारत' आला तेव्हा त्या गालात हसल्या. इको, ईसीजी ऐकताना म्हणाल्या, "आक्षी बरूबर." मग मी वाचलं, रुग्णेला मूल नाही. तिला कधी गर्भ राहिला नाही.

लसूण सोलणं थांबलं.

"आसं कुनी सांगितलं?"

मला वाटलं, हा विषय काढायला नको होता, वाचताना गाळायला हवा होता. मी म्हटलं, "वन्सं, तुम्हीच सांगितलंत ना डॉक्टरांना? त्यांनी विचारलं, मूल किती. तुम्ही म्हणालात, पोर राहिलं न्हाय."

"व्हय. न्हाय राहिलं."

"मग तेच लिहिलंय त्यांनी."

"त्येच कसं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहात मीठ घातलं होतं. "राहिलं न्हाय म्हंजे गेलं की वो वैनी. झालं, आन् राहिलं न्हाय."

मी कागद खाली ठेवला.

तुम्हाला हे मराठीतच समजून घ्यायला हवं. पुण्यात आमच्याकडे बाईला दिवस राहतात, गर्भ राहतो. 'राहिलं नाही' ऐकलं की माझ्या आणि डॉक्टरबाईंच्या कानाला ते तसंच ऐकू येतं, की कूस उजवलीच नाही. वळसंगला पाहुणा राहतो, तसं पोर राहतं. राहिलं नाही म्हणजे आलं होतं, थांबलं नाही.

मग त्या बोलल्या. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. पहिलं बाळंतपण म्हणून वळसंगला आल्या होत्या. मुलगी झाली. पौषात. शेतात हुरडा चालू होता, बाळंतिणीच्या खोलीत भाजल्या कणसांचा वास यायचा. बारशाच्या आधीच तिनं पिणं सोडलं. सकाळी ती गार झालेली होती. पुरुषमाणसांनी फडक्यात गुंडाळून बांधाला नेली. तुमचे आजोबा तेव्हा लहान, त्यांना कोणाकडे तरी धाडून दिलं होतं. करकंबच्या लोकांनी ती पाहिलीच नव्हती. त्यांच्या लेखी नव्हतीच. वन्संना पुन्हा कधी दिवस राहिले नाहीत. हळूहळू माहेरचे लोकही मूलबाळ नाही असंच म्हणू लागले, कारण ते म्हणायला सोपं होतं.

"आन् छाती," त्या म्हणाल्या. "पोरगी गेली तरी दूध याचं थांबतंय व्हय? भरून भरून याची. आई पिळून काढायची भिताडाला. त्येच येतंय की आजून. तुमाला किती येळा सांगितलं, भरून येती म्हनून."

मी तिथे 'जड' लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडण्याआधीच त्या घरी आल्या. वन्संनी त्यांना परत सगळं सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. बाईंनी मसुदा उघडून वंध्यत्वाचा परिच्छेद शोधला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, या परिच्छेदावरच ते लेख घेणार होते. लगेच त्यांनाच ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण वन्संचा हात धरून मराठीत म्हणाल्या, "आजी, मी चुकीचं लिहिलं. ते काढून टाकते. हवं तर सगळंच परत घेते."

"परत कशाला?" वन्सं म्हणाल्या. "तुमीच म्हनाला न्हवं, ह्यात कुनाचंच नाव लागत न्हाय?"

"नाही लागत."

"मग तिला घाला की. तिचं तरी कुटं नाव हाय?"

बाई उठून बाहेर अंगणात गेल्या. मी चहा करायला गेले. वन्संनी राहिलेला लसूण सोलून संपवला.

तेव्हापासून वन्संना त्या लेखाची आस लागली. आतापर्यंत तो डॉक्टरबाईंचा होता, आता त्यांचा झाला. एखाद्या कागदावर, भले इंग्रजीत, भले कुठल्या मुलखात, ती मुलगी झाली होती असं लिहिलेलं असावं, एवढंच त्यांना हवं होतं. तिच्या जन्माची नोंद कुठे झाली नव्हती. तिला पाहिलेलं कोणीही आता उरलं नव्हतं. वन्सं गेल्या की ती कधी नव्हतीच, असं होणार होतं. हे त्यांनी असं बोलून दाखवलं नाही. पण पोस्टमन दिसला की विचारायच्या, "आलं का वो पुस्तक?" मी सांगायची, ते पोस्टाने येत नाही, कॉम्प्युटरवर येतं. मग कॉम्प्युटरपाशी येऊन उभ्या राहायच्या.

बाईंनी परिच्छेद काढला, खरी हकीकत घातली, चूक कशी झाली तेही लिहिलं. छातीचं वाक्य मी बदलून दिलं. उत्तर आलं ते नकाराचं. एखाद्या मृत्यूच्या काळात दर वर्षी अशी लक्षणं येतात हे माहीत आहे, त्यावर पूर्वी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, या लेखाने ज्ञानात भर पडत नाही. भाषा सभ्य होती. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या निबंधांवर शेरे मारले, त्यामुळे त्यात मला दोष काढता येईना. वंध्यत्वाची खोटी हकीकत त्यांना नवी वाटली होती. खरी जुनी निघाली.

वन्संना सांगायचं काम माझं.

"काय म्हनत्यात?"

"म्हणतात, यात नवीन काही नाही."

"खरं हाय की," त्या म्हणाल्या. "लई जुनं हाय ते." आणि त्या दिवशी रात्री जेवल्या नाहीत. पौष नव्हता, भर उन्हाळा होता. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

बाईंनी लेख सोडला नाही. बढतीला तो उपयोगी पडला असता असंही आता उरलं नव्हतं, कारण त्यांनी मग निवडलं ते जर्नल लहान होतं, त्याला कॉलेजात कोणी मोजत नाही. तिथे पत्राएवढ्या मजकुराला जागा होती. बाईंनी लेख कापत कापत एका पानावर आणला. मी एकेक वाक्य धरून भांडले, हे काढा, ते काढा, पण मुलीची ओळ राहू द्या. ती राहिली. ते पत्र त्यांनी घेतलं.

छापण्याआधी ते मजकूर एकदा तपासायला पाठवतात. तो आला तेव्हा वन्संना खाटेवरून उठणं होत नव्हतं. पायांना सूज होती, आणि या वेळी हृदय खरोखरच थकलेलं होतं. इको पाहून डॉक्टरांनी तसं सांगितलं. मी लॅपटॉप त्यांच्या उशाशी नेला. ओळ शोधली, आणि वाचायच्या आधीच मला दिसलं. आम्ही 'मुलगी' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला होता. जर्नलवाल्यांनी तो बदलून 'चाइल्ड' केला होता. कडेला टीप होती, ओळख पटू नये म्हणून अर्भकाचं लिंग वगळलं आहे, लेखकांची हरकत असल्यास कळवावं.

मी वाचलं, "या स्त्रीला एक मूल झाले होते. नाव ठेवण्याआधी ते गेले."

"पोरगी न्हाय लिवली?"

मला थाप मारता आली असती. मी नाही मारली. सांगितलं, की त्यांनी असा शब्द घातला आहे जो मुलगा असो की मुलगी, दोघांनाही लागतो. डॉक्टरबाई हरकत कळवतील, भांडून बदलून घेतील, थोडा उशीर होईल एवढंच.

वन्सं छताकडे बघत पडल्या होत्या.

"आमची आई कूसू म्हनायची तिला," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कानडीत. बाळ. पोरगं बी न्हाय, पोरगी बी न्हाय. बारसं झालं न्हवतं न्हवं, मग नुसतं कूसू. कूसू रडालंय, कूसूला घे." त्यांनी स्क्रीनकडे मान वळवली. "कुटं हाय त्यो सबूद? बोट लावा."

मी बोट लावून दाखवलं. त्यांना इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हतं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि आपलं ठेवलं. स्क्रीनवर बोट ठेवल्यामुळे पान वर सरकलं आणि ओळ गेली. "आगं, कुटं गेली?" त्या दचकल्या. मी पान परत खाली आणलं.

"डाक्टरनीला सांगा, बदलू नगा म्हनावं. बराबर हाय."

मी तसं कळवलं. आषाढात वन्सं गेल्या. ते पत्र छापून आलं तेव्हा दिवाळी झाली होती. मी त्याची एक प्रत काढून तुमच्या आजोबांच्या फोटोमागे ठेवली आहे, पण तो बघायला इथे येईपर्यंत तुम्ही थांबू नका. तुमच्या विद्यापीठातून ते उघडतं असं डॉक्टरबाई म्हणाल्या. दोघांनी एकदा उघडून ती ओळ वाचा. ती वाचणारी आता या घरात मी एकटीच आहे.